टायर टिकाऊ, स्वार टाकाऊ

मराठी मध्यमवर्गीय माणूस कोणतीही वस्तू घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारतो : "टिकेल ना?" चप्पल घेताना विचारतो, छत्री घेताना विचारतो, कुकर घेताना विचारतो. जावई पाहतानाही त्याच्या मनात हाच प्रश्न असतो, फक्त तिथे तो "नोकरी पर्मनंट आहे ना?" अशा शब्दांत बाहेर पडतो. या प्रश्नाशी माझे भांडण नाही. वीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसलेल्या माणसाचा टिकाऊपणाला विरोध असेल तरी कसा? माझे भांडण आहे ते हा प्रश्न मोटारसायकलच्या टायरबाबत विचारणाऱ्यांशी. कारण तिथे या वाक्याचा कर्ता कोण, हेच कळत नाही. टिकायचे कोणी? टायरने, की त्याच्यावर बसलेल्याने?

आमच्या शाखेत मोटारसायकलवरून लांब भटकायला जाणारी एक टोळी आहे. कोणी कोकणात जातो, कोणी गोव्याला, एखादा थेट लेहला. आधी महिनाभर तयारी चालते. जॅकेट कुठले, हेल्मेटवरचा कॅमेरा कुठला, मोबाईल अडकवायचा स्टँड कुठला. यावर पंधरा-वीस हजार रुपये हसत हसत खर्च होतात. मग मी हळूच विचारतो, "आणि टायर?"

"टायरला काय धाड भरलीय? अजून एक ट्रिप आरामात काढतील."

मी वाकून बघतो. त्या टायरवर नक्षी म्हणून जे काही उरलेले असते, ते आमच्या हेडक्लार्कच्या डोक्यावरच्या केसांसारखे. आहेत असे मानायची पद्धत आहे म्हणून आहेत. वास्तविक टायरच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात. ते कुठे आहेत हे सांगायला कडेला 'टी. डब्ल्यू. आय.' अशी अक्षरे किंवा बाण असतो. रबर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आले, की टायर निवृत्त झाला. पण आपल्याकडे निवृत्त माणसालाही कोणी घरी बसू देत नाही, तिथे टायरची काय कथा!

कॉमर्सला आम्हांला घसारा शिकवला होता. सरळ रेषेची पद्धत आणि घटत्या शिल्लकेची पद्धत, अशा त्याच्या दोन पद्धती परीक्षेला हमखास यायच्या. तिसरी पद्धत पुस्तकात नव्हती, ती रस्त्यावर दिसते. टायर शून्य होईपर्यंत वापरायचा. मग 'घसारा'मधला एक काना आपोआप गळून पडतो आणि 'घसरा' एवढेच उरते.

दुकानातही तोच मंत्र. "साहेब, हार्ड कंपाउंड आहे. घ्या आणि विसरून जा." अहो, विसरून जायला ती काय उसनवारी आहे? बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव वर्षानुवर्षे टिकायची, म्हणून ती लावून भर पावसात आंबोली घाट उतरायचा का? कडक रबर जास्त किलोमीटर चालते, पण ओल्या रस्त्यावर कमी पकडते. मऊ रबर चांगले पकडते, पण लवकर झिजते. जादा व्याज आणि जादा सुरक्षितता एकाच पावतीवर मिळत नाही, हे खातेदाराला समजावण्यात माझे अर्धे आयुष्य गेले. उरलेले टायरवाल्यांसाठी खर्च करायची तयारी आहे.

लांबच्या प्रवासाला मधला मार्ग आहे, आणि तो खरोखरच मधला आहे. काही टायरना मधोमध कडक रबर असते आणि दोन्ही कडांना मऊ. हमरस्त्यावर सरळ जाताना मधला भाग झिजतो, म्हणून तिथे कडक. घाटात गाडी कलली की कडा टेकतात, म्हणून तिथे मऊ. याला 'ड्युअल कंपाउंड' म्हणतात. दुकानात विचारायचे ते हे.

शिवाय टायरला स्वतःचे पासबुक असते. कडेवर '१२०/८०-१८ ६२पी' असे काहीतरी लिहिलेले असते. १२० मिलिमीटर रुंदी, उंची तिच्या ८० टक्के, रिम १८ इंची. ६२ म्हणजे हा टायर २६५ किलो भार पेलतो, आणि 'पी' म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. याशिवाय चार आकडे एका चौकटीत असतात. '२३२१' म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. ही त्याची जन्मतारीख. ब्रेडच्या पुड्यावरची तारीख चष्मा लावून वाचणारा माणूस टायरवरची वाचत नाही. फिक्स्ड डिपॉझिट पडून राहिले की वाढते. टायर पडून राहिला की कडक होतो, त्याला चिरा पडतात. स्वस्त मिळालेला 'नवा' टायर कधीकधी दुकानातच पेन्शनला आलेला असतो.

हवेचीही तीच गत. काहीजण पैसे मोजून नायट्रोजन भरून घेतात. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच! पेट्रोल पंपावरची हवा ही जगातली एकमेव फुकट गोष्ट असेल, जी मध्यमवर्गीय माणूस घेत नाही. हवा कमी असेल तर कडा झिजतात, टायर तापतो. जास्त असेल तर मधला भाग झिजतो. किती भरायची ते गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असते, आणि डबलसीट जायचे तर मागच्या चाकाला थोडी जास्त लागते. टायर थंड असताना ती मोजायची, एवढेच. महागड्या टायरपेक्षा या फुकट हवेने तो जास्त टिकतो.

आता तुम्ही म्हणाल, चांगले टायर परवडायला हवेत. ठीक आहे, हिशेबच करू. आमचा तो धंदाच आहे. धरून चाला, जोडी सहा हजारांना पडली आणि पंधरा हजार किलोमीटर चालली. किलोमीटरला चाळीस पैसे. तेवढ्याच किमतीची कडक जोडी पंचवीस हजार चालली असे धरू. चोवीस पैसे. फरक सोळा पैशांचा. पुणे-पणजी जाऊन-येऊन नऊशे किलोमीटर धरले तर १४४ रुपये. एवढ्यात पणजीला दोघांची माशाची थाळीसुद्धा होत नाही!

ज्या चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करून दाखवले, तो स्वतः १८६० साली डोक्यावर कर्ज ठेवून वारला. रबर टिकणे आणि माणूस टिकणे या तेव्हापासूनच दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बँकेत एक टेबल असते, तिथे कोणी हौसेने बसत नाही. मयत खातेदारांचे दावे तिथे येतात. वर्षाला वीस रुपये हप्त्याच्या सरकारी अपघात विम्याचे कागदही तिथेच येतात, दोन लाखांसाठी. सोबत पंचनाम्याची नक्कल असते आणि समोर एखादी तिशीतली बाई "सही कुठे करायची?" एवढेच विचारते. त्या पंचनाम्यात रस्ता ओला होता हे असते, वळण होते हे असते. टायर अजून एक ट्रिप आरामात काढू शकला असता, हे मात्र कोणी लिहीत नाही.

मोटारसायकल धावताना एकेक टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. नवरा, बायको, मध्ये बसलेले पोर आणि सासुरवाडीहून आणलेली फणसाची पिशवी, एवढा सगळा संसार त्या दोन तळहातांवर असतो. तेव्हा "टिकेल ना?" असे जरूर विचारा. फक्त विचारण्याआधी मागे वळून सीटवर कोण बसले आहे ते बघा, आणि मग वाक्याचा कर्ता ठरवा.