तणाला ‘औषध’ कशाला?

पाऊस सुरू होऊन पंधरवडा झाला की कुंपणापलीकडून हमखास विचारणा होते, ‘‘औषध मारलं का?’’ तणनाशकाला औषध म्हणायची आपली रीत अजब आहे. विषाला औषध म्हटले की हात सैल सुटतो आणि झाकणभर पुरले असते तिथे अर्धी बाटली रिकामी होते.

तणनाशकवाल्यांचा पहिला मुद्दा असा, की खुरप्याने वरवरचे निघते, ग्लायफोसेट हे तणनाशक मात्र मुळापर्यंत पोचते. हे निम्मे खरे आहे. ते हिरव्या पानांतून शिरून मुळांत उतरते. पण मातीत निजलेल्या बियांना शिवतही नाही. गाजरगवताचे एकच झाड हजारो बिया टाकते. उभे तण मारून जमीन उघडी टाकली, की पुढच्या सरीला नवी पिढी हजर! मग पुन्हा फवारणी, पुन्हा खर्च.

दुसरा मुद्दा, ‘एवढ्याशाने काय होते?’ २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. अनेक देशांच्या नियामक संस्थांना ते मान्य नाही, म्हणून त्या वादावर मी भिस्त ठेवत नाही. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या केंद्र सरकारने आदेश काढला, की हे रसायन फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांमार्फतच वापरावे. मग पायात चपला घालून घरच्या पंपाने ते उडवणाऱ्याने कसला भरवसा धरावा? शिवाय वाऱ्याची एक झुळूक पुरते. तणाशेजारचा टोमॅटोही झोपतो.

आता थोडे आमच्याच पंथातल्यांविषयी. मीठ ओता, व्हिनेगर शिंपडा, ‘नैसर्गिक’ आहे, असे सांगणारे हल्ली पुष्कळ झाले आहेत. व्हिनेगरने पाने करपतात, पण लव्हाळ्याची गाठ खाली सुखरूप राहते. मीठ तर मातीतच साचते. खारे पाणी शिरलेल्या शेतात काय पिकते, ते कोकणातल्या माणसाला विचारा.

मग करायचे काय? तण उघड्या जमिनीवर माजते, तेव्हा जमीन उघडी ठेवायची नाही. रोपांभोवती चार बोटे पालापाचोळा किंवा वाळले गवत पसरा; उजेड न मिळाल्याने बहुतेक बारीक बिया वर येतच नाहीत. वाफा रिकामा असेल तर एप्रिल-मे महिन्यांत तो भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवा आणि कडा मातीने दाबा. पाच-सहा आठवड्यांच्या उन्हाने वरच्या थरातल्या पुष्कळ बिया मरतात. पहिल्या पावसानंतर पेरायची घाई करू नका. आधी तण उगवू द्या, ते बोटभर असतानाच खुरपा, मग पेरा.

लव्हाळा मात्र चिवट. तो प्लास्टिकलाही भोक पाडून वर येतो. नुसता ओढला तर पाते हातात येते आणि गाठ जमिनीत राहते. खुरपे खोल घालून तो गाठीसकट काढावा आणि नवी पाती दिसली की दर पंधरा दिवसांनी पुन्हा काढत राहावे. सावली त्याला सोसत नाही, हराळीलाही नाही. म्हणून वाफ्यात दाट वाढणारे पीक घ्यावे. घोळ, टाकळा, कुर्डू ओळखता येत असतील तर त्यांची जागा कोवळेपणीच कढईत आहे. गाजरगवत हातमोजे घालून उपटावे, कारण त्याने अंगाला खाज सुटते.

‘एवढा वेळ कुणाला आहे?’ हा शेवटचा आक्षेप. एकरांच्या शेतीत मजूर मिळत नाहीत हे खरे, पण ते दुखणे शेताचे आहे. घरामागच्या चार वाफ्यांनी ते उसने घेऊ नये. आठवड्यातून एकदा, तण लहान असतानाच खुरपे फिरवले तर चहा निवायच्या आत वाफा साफ होतो. वेळ खुरपणीला लागत नाही, महिनाभर केलेल्या आळसाला लागतो.

तेव्हा पंप बाजूला ठेवा आणि खुरप्याला धार लावा. नियम दोनच: फूल येण्याआधी तण उपटायचे आणि उपटलेली जागा त्याच दिवशी झाकायची.