खोकला कां लपवावा?

आमच्या घनसावंगी तालुक्यांत कापसाची वेचणी संपली कीं शेतांतील पऱ्हाटी उपटून घरोघर रचली जाते, आणि पुढें कित्येक महिने चुलीस तिचेंच जळण असतें. १ मे २०१६ रोजीं उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून गरिबांच्या घरींही गॅसची टाकी दिसूं लागली आहे. पण टाकी भरण्यास पैसे लागतात व पऱ्हाटी फुकट मिळते. म्हणून चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर, असा प्रकार चालतो. भाकरी होईपर्यंत घरची माउली आणि तिच्याजवळ बसलेलें लहान मूल तो धूर छातींत घेत असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें अशा घरगुती धुरामुळें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें मृत्यु पावलीं. जन्मांत कधीं बिडी ओठांस न लावलेल्या आजीबाईंना चार पावलें चालतांच धाप कां लागते, याचें उत्तर पुष्कळदां या चुलीपाशींच सांपडेल.

समर्थ रामदास १६०८ सालीं ज्या जांब गांवीं जन्मले तें याच तालुक्यांत आहे. समर्थांच्या नांवानें आम्ही मुलांस सूर्यनमस्कारांची थोरवी सांगतों, आणि तींच मुलें बिनखिडकीच्या खोलींत धुरांत बसून धडे पाठ करतात! भिंतीस एक झरोका पाडण्यास असा किती खर्च येतो?

दम्याची गोष्ट निराळी. तो एकापासून दुसऱ्यास होत नाहीं. श्वासनलिकांचे स्नायु आकसतात, आंतील अस्तर सुजतें व हवेची वाट अरुंद होते; धूर, धूळ, सर्दी यांनी तो उसळतो. लोक ज्यास ‘पंप’ म्हणतात त्यांतील औषध थेट त्या नलिकांत जातें, म्हणून तें फार थोडें पुरतें. तरी ‘पंपाची संवय लागते’, ‘मुलीस पंप आहे असें कळलें तर तिचें लग्न जमणार नाहीं’ म्हणून आईबाप तो लपवितात, आणि पोर रात्रभर भिंतीस टेकून बसते. चष्मा घालणाऱ्यास चष्म्याचें व्यसन लागलें असें कोणी म्हणतो काय?

पण सर्वांत अधिक लपविला जातो तो क्षय. आनंदीबाई जोशी १८८६ सालीं अमेरिकेंत डॉक्टर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयास बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, पुण्यांत क्षयानें गेल्या. क्षयाचा जंतु रॉबर्ट कॉख यांनी १८८२ सालींच दाखविला होता. त्यास मारणारें औषध मात्र नव्हतें. स्ट्रेप्टोमायसिन सांपडलें तें १९४३ सालीं. तोंवर मोकळी हवा, विसांवा व सकस आहार एवढाच उपाय होता. मिरजेच्या मिशन इस्पितळाचे डॉ. वानलेस यांच्या नांवाच्या वानलेसवाडींतील आरोग्यधाम त्याच काळचें. पुढें १९५९ सालीं मद्रासच्या प्रयोगानें दाखविलें कीं, नियमित औषध घेणारा रोगी घरीं राहूनही आरोग्यधामांतल्याइतकाच बरा होतो.

आज तें औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें व बहुतेकांस सहा महिने घ्यावें लागतें. आहारासाठीं २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. मग अडतें कोठें? दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मांस येतें, आणि येथेंच घात होतो. गोळ्या बंद पडतात व उरलेले जंतु औषधास दाद देईनासे होतात. दुसरी अडचण लाजेची. ताट वेगळें, पेला वेगळा, हा जाच व्यर्थ आहे; क्षय भांड्यांनी पसरत नाहीं, उपचार न झालेल्या रोग्याच्या खोकल्यावाटे हवेंतून पसरतो. म्हणजे ज्यास आपण झांकून ठेवतों तोच घरास घातक, आणि जो उघडपणें गोळ्या घेतो त्याच्यापासून भय फार लवकर ओसरतें.

दोन आठवडे खोकला राहिला तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. शाळांनीं उपचारासाठीं घेतलेल्या रजेचें कारण वर्गांत मोठ्यानें वाचूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. एका वाक्यानें मुलाची वर्षभराची खोडी होते. आणि दसरा-दिवाळीनंतर जीं कुटुंबें ऊसतोडीस जातात त्यांनीं घरांत कोणाचें क्षयाचें औषध चालू असल्यास निघण्यापूर्वीं दवाखान्यांत तसें सांगावें, कागद बरोबर घ्यावेत. ज्या कारखान्यावर कोप्या पडतील तेथल्या सरकारी दवाखान्यांतून पुढील गोळ्या मिळतात.