एक कोटी मावतात का?

जून १९९३मध्ये या देशातली शिकली-सवरलेली माणसे बरेच दिवस एकाच प्रश्नावर हुज्जत घालत होती. एका सुटकेसमध्ये एक कोटी रुपये मावतात का? हर्षद मेहतांनी राम जेठमलानींना शेजारी बसवून पत्रकार परिषद घेतली होती आणि पंतप्रधान नरसिंह राव यांना आपण एक कोटी रुपये रोख दिल्याचे सांगितले होते. पुराव्यादाखल सुटकेसही दाखवली होती. रावांनी आरोप फेटाळला आणि तो पुढे कधी सिद्ध झाला नाही. पण लोकलच्या डब्यात, कचेरीत, लग्नाच्या पंगतीत वाद रंगला तो सुटकेसच्या लांबी-रुंदीवर.

मी तेव्हा बँकेत अधिकारी होतो. त्यामुळे ओळखीपाळखीतले लोक हा प्रश्न तज्ज्ञाचे मत घ्यावे तसा माझ्याकडे आणीत. उत्तर सोपे होते. बँकेत शंभर नोटांची एक गड्डी आणि दहा गड्ड्यांचे एक बंडल. शंभराच्या नोटांत एक कोटी म्हणजे शंभर बंडले, ती एका सुटकेसमध्ये जाणार नाहीत. पाचशेच्या नोटांत वीस बंडले, ती मोठ्या सुटकेसमध्ये बसतील. एवढे ऐकले की विचारणारा खूश होऊन जाई. ज्या घोटाळ्यातून ही सुटकेस बाहेर पडली तो घोटाळा नेमका झाला कसा, हे विचारायला मात्र फारसे कोणी आले नाही.

आता या गोष्टीला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. राजकारण, श्रीमंत मंडळी, त्यांची कारस्थाने आणि करमणूक यांविषयी आपण कट्ट्यावर जी मते ठोकतो, त्यांचा साचा तोच राहिला आहे. आपल्याला सुटकेस हवी असते. खतावणी नको असते.

या साच्याचे मूळ शोधायचे तर १९७१पर्यंत मागे जावे लागते. २४ मे १९७१ रोजी दिल्लीत स्टेट बँकेच्या संसद मार्ग शाखेत मुख्य रोखपाल वेदप्रकाश मल्होत्रा यांना एक फोन आला. बोलणाऱ्याने आपण पंतप्रधानांचे सचिव हक्सर असल्याचे भासवले आणि मग खुद्द इंदिरा गांधींच्या आवाजात बोलणे झाले. बांगलादेशाच्या गुप्त कामासाठी साठ लाख रुपये हवेत, एक माणूस भेटेल, तो परवलीचा शब्द सांगेल, त्याला द्यावेत. मल्होत्रांनी रोकड काढली, गाडीत घातली आणि देऊन आले. पावती घ्यायला गेले तेव्हा कळले की असा फोन कोणी केलाच नव्हता. त्याच दिवशी रुस्तम सोहराब नगरवाला हा लष्करातून निवृत्त झालेला कॅप्टन पकडला गेला. जवळजवळ सगळी रक्कम परत मिळाली. त्याने गुन्हा कबूल केला आणि काही दिवसांतच त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. पुढे त्याने कबुली फिरवली. तपास करणारे पोलीस अधिकारी कश्यप नोव्हेंबर १९७१मध्ये मोटार अपघातात गेले. मार्च १९७२मध्ये नगरवालाही कोठडीत असतानाच इस्पितळात मरण पावला. यापेक्षा भक्कम कथानक कोणत्या कादंबरीकाराला सुचेल? रोहिंटन मिस्त्री यांच्या १९९१च्या ‘सच अ लाँग जर्नी’ला याच प्रकरणाचा आधार आहे, आणि तिचा नायक बँकेतला नोकर आहे हेही उगाच नाही.

जनता सरकारने १९७७मध्ये न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी यांचा चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल आला तरी लोकांच्या मनातली शंका गेली नाही. पैसे कोणाचे होते, फोन खरेच कोणाचा होता, दोन मृत्यू लागोपाठ कसे झाले, या प्रश्नांवर आजही तासभर गप्पा होऊ शकतात. मी ऐंशीच्या दशकात नोकरीला लागलो तेव्हा जेवणाच्या सुट्टीत जुने लोक हे प्रकरण रामायणासारखे सांगत. पण त्यांतला एक म्हातारा रोखपाल दरवेळी एकच प्रश्न विचारी आणि बाकीचे त्याला गप्प करीत. तो म्हणे, “फोन कोणाचाही असू दे हो. व्हाउचर कुठे होते?”

बँकेतल्या माणसाला या प्रश्नाचे वजन कळते. तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असतात, एकट्याने ती उघडू नये म्हणून. साधा दहा रुपयांचा फरक लागला तरी संध्याकाळी कॅश बंद होत नाही. रोखपाल, अधिकारी, शिपाई, सगळे बसून राहतात. मी स्वतः अठरा रुपयांसाठी रात्री नऊपर्यंत थांबलेली माणसे पाहिली आहेत. त्याच व्यवस्थेतून साठ लाख रुपये एका फोनवर बाहेर पडले. हाताखालच्या माणसांनी ते काढून दिले आणि कागद मागाहून पाहू असे ठरले. फोन खरा असता तरी हे चूकच होते. किंबहुना फोन खरा असता तर अधिकच चूक होते.

पण ‘वरून फोन आला’ या वाक्यात एक विलक्षण आराम आहे. ते म्हटले की खालच्या सगळ्यांची सुटका होते. ज्याने किल्ली दिली, ज्याने सही केली, ज्याने पाहून न पाहिल्यासारखे केले, त्यांना कोणी काही विचारीत नाही. बोलणारा आणि ऐकणारा दोघेही शहाणे ठरतात. ‘तुम्हाला ठाऊक नाही, आतली गोष्ट वेगळीच आहे,’ असे म्हणताना माणसाची मान किंचित ताठ होते. आतली गोष्ट ठाऊक असण्याला काही खर्च येत नाही. बाहेर छापून आलेली गोष्ट वाचायला मात्र चष्मा लागतो, वेळ लागतो.

१९९२कडे परत येऊ. तेव्हा बँकांना ठेवींच्या अडतीस टक्क्यांहून अधिक रक्कम सरकारी रोख्यांत व तत्सम ठिकाणी ठेवावी लागे. ज्या बँकेला रोखे कमी पडत ती थोड्या दिवसांसाठी दुसरीकडून घेई आणि ठरल्या भावाने परत विकी. या व्यवहाराला ‘रेडी फॉरवर्ड’ म्हणत. रोखे हातात देण्याऐवजी बँका एकमेकींना पावत्या देत, त्या ‘बँक रिसीट’. रिझर्व्ह बँकेतली रोख्यांची नोंद हाताने होत असे आणि तिला दिवस लागत. मधे दलाल बसला. चेक त्याच्या खात्यात जमा होऊ लागले. दोन व्यवहारांमधल्या दिवसांत तो पैसा शेअरबाजारात गेला आणि एसीसीचा शेअर दहा हजारांच्या घरात पोचला. काही पावत्यांच्या पाठीशी रोखे नव्हतेच. दलाल एकटे मेहता नव्हते, आणखीही होते. जानकीरामन समितीने हा आकडा सुमारे चार हजार कोटी रुपये काढला.

यात आपल्या मुलखाचाही वाटा होता. रोख्यांशिवाय पावत्या देणाऱ्यांत बँक ऑफ कराड होती. ज्या बँकेत सातारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी, शिक्षकांनी आणि दुकानदारांनी विश्वासाने पैसे ठेवले, तिचे नाव मुंबईच्या फोर्टमधल्या कागदांवर गेले आणि ती १९९२मध्ये अवसायनात निघाली. ठेवींवरचा विमा तेव्हा फक्त तीस हजारांचा होता. तिचा कारभार पुढे बँक ऑफ इंडियाकडे गेला. सुटकेसवर जितकी शाई खर्च झाली, तिच्या शतांश तरी या बँकेच्या ठेवीदारांवर झाली असेल का, याची मला शंका आहे.

मग करमणूक आली. ऑक्टोबर २०२०मध्ये हंसल मेहतांची ‘स्कॅम १९९२’ ही मालिका घरोघरी पाहिली गेली. मालिका चांगली होती हे सांगितलेच पाहिजे. बँक रिसीट म्हणजे काय हे तिने कित्येक पाठ्यपुस्तकांपेक्षा नीट समजावले आणि हे प्रकरण उजेडात आणणाऱ्या सुचेता दलाल यांना मानाची जागा दिली. पण प्रेक्षकाने घरी काय नेले? मोबाइलवर वाजणारी ती धून, नायकाची चाल, आणि ‘मोठ्यांनी त्याचा बळी दिला’ हा निष्कर्ष. एका तरुण नातेवाइकाने मला विचारले, “काका, त्याने नुकसान कोणाचे केले? बँकांचेच ना?” बँकेचे नुकसान म्हणजे भिंतीचे नुकसान, अशी त्याची समजूत होती. बँकेत पैसे कोणाचे असतात हे त्याला सांगावे लागले.

मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा गोष्टीच्या ओढीला नावे ठेवायचा मला अधिकार नाही. गोष्टीला कर्ता लागतो, हेतू लागतो, सूत्रधार लागतो. अडचण एवढीच की व्यवहारातले पुष्कळसे अनर्थ हेतूने होत नाहीत, सवयीने होतात. ‘असेच चालते’ या तीन-तीन अक्षरी शब्दांनी जेवढ्या बँका बुडवल्या तेवढ्या कुठल्याही सूत्रधाराने बुडवल्या नसतील.

येथे कोणी म्हणेल, मग काय कट नसतातच? असतात, अवश्य असतात. २०१९मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत एका बांधकाम समूहाची प्रचंड थकीत कर्जे एकवीस हजारांहून अधिक खोट्या खात्यांआड लपवल्याचे उघड झाले. २३ सप्टेंबरला निर्बंध आले आणि ठेवीदाराला आरंभी हजार रुपयेच काढता येत होते. हा कटच होता. पण तो सापडला तो खात्यांमध्येच.

श्रीमंतांचे म्हणाल, तर त्यांना अंधाऱ्या खोलीत बसायची गरज अलीकडे फारशी पडत नाही. २०१७च्या वित्त कायद्याने कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवरची साडेसात टक्के नफ्याची मर्यादा उठवली आणि निवडणूक रोख्यांची वाट मोकळी केली. हे सगळे संसदेत झाले, राजपत्रात छापून आले. २०१८पासून स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांत हे रोखे मिळू लागले. हजारापासून एक कोटीपर्यंतचे. म्हणजे १९९३मध्ये जे एक कोटी सुटकेसमध्ये मावतात की नाही यावर आपण भांडलो, ते आता एका कागदावर मावत होते, आणि कायदेशीर होते. या काळात आपण काय करत होतो? कोणती नटी कोणाच्या सांगण्यावरून काय बोलली, परदेशातले कोणते धनिक जग चालवतात, याची चर्चा.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली. बँकेने तपशील द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली, ती ११ मार्चला नाकारली गेली. त्याच महिन्यात याद्या आल्या. एकीकडे रोखे कोणी घेतले, दुसरीकडे कोणत्या पक्षाने वटवले, आणि मग दोन्हींना जोडणारे क्रमांक. दोन याद्या समोरासमोर ठेवून ताळा करणे हे काम बँकेतला नवखा कारकूनही करतो. पत्रकारांनी ते केले आणि पुष्कळ काही दिसले. दोन-तीन आठवडे आपणही पाहिले. मग निवडणुकीचा हंगाम आला आणि कोण कोणाला काय म्हणाले, यात सगळे बुडाले.

महाराष्ट्रात तर २०२२च्या ऑगस्टमध्ये विधान भवनाच्या पायऱ्यांवरून ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा निघाली आणि लहान मुलांच्या तोंडी गेली. खोका म्हणजे कोटी, हे मुंबईच्या गुन्हेगारी बोलीतून आलेले परिमाण आपण किती सहज स्वीकारले! आरोप करणाऱ्यांना टाळ्या मिळाल्या, ज्यांच्यावर झाला त्यांनी तो झटकला. यमक उत्तम जुळले. ताळा मागणारे थोडे.

कटाच्या गोष्टीत खरा तोटा हा आहे की तिच्यावर उपाय नसतो. ‘सगळे वरून ठरते’ असे मानले की आपण फक्त मान हलवायची. चुकलेल्या नोंदीवर मात्र उपाय असतो. १९९२नंतर जे काही सुधारले, म्हणजे सेबीला मिळालेले अधिकार, पडद्यावर चालणारा बाजार, १९९६च्या कायद्याने आलेले डीमॅट, ते सगळे खतावणी वाचणाऱ्यांनी केले. सुटकेस मोजणाऱ्यांनी त्यातले काही केले नाही.

आणि हे काम संपलेले नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत १२२ कोटींची रोकड कमी असल्याचे बाहेर आले. पाचशेच्या नोटांत धरली तर ती दोन हजार चारशे चाळीस बंडले होतात. एवढी बंडले एका फोनवर जात नाहीत. तिजोरी भरलेली आहे असे कोणीतरी पुनःपुन्हा लिहून देत असते आणि कोणीतरी न उघडता त्याखाली सही करत असते.

दर सप्टेंबरात आपल्या गावोगावच्या सहकारी बँकांच्या वार्षिक सभा होतात. सभासद येतात, अल्पोपाहार घेतात, भेटवस्तूचे कूपन देतात, ‘मंजूर, मंजूर’ म्हणतात आणि अहवाल रद्दीत टाकतात. वाटेत मात्र देश कोण विकतो आहे यावर चर्चा करीत जातात. त्या अहवालात ताळेबंद असतो, थकीत कर्जाचा आकडा असतो, संचालक व त्यांच्या नातेवाइकांना दिलेल्या कर्जाची माहिती असते, लेखापरीक्षकाचा शेरा असतो. चार पाने वाचायला अर्धा तास पुरतो. उभे राहून एवढेच विचारायचे, अध्यक्षमहाराज, तिजोरी शेवटची कोणी मोजली, आणि केव्हा?