बीट लाल, म्हणून रक्त नव्हे

मागच्या महिन्यात शिरूर अनंतपाळला आपल्याच वस्तीतल्या एका घरी गेले होते. पोरगी नववीत. चेहरा पांढराफटक, विहाराच्या चार पायऱ्या चढली तरी धाप लागायची. आई कौतुकानं म्हणाली, "सिस्टर, रोज सकाळी बीटाचा रस देते तिला. हप्त्यावर मिक्सर त्यासाठीच घेतला." शाळेतून मिळालेल्या निळ्या गोळ्या मात्र फडताळात पडून होत्या. गोळीनं मळमळतं, शी काळी होते, म्हणून बंद केलेल्या.

त्या माउलीला काय दोष द्यायचा? बीट लाल, रक्त लाल, हे आजीपासून ऐकलेलं, आता मोबाईलवरही तेच येतं. पण बीटाच्या रंगाचा लोहाशी काही संबंध नाही. शंभर ग्रॅम बीटात लोह जेमतेम एक मिलिग्रॅम, आणि फुकट मिळणाऱ्या गोळीत 60. दोन्हीतलं सगळं अंगी लागत नाही हे खरं, तरी हिशेब तुम्हीच करा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी निघालं. हा काही रसानं भरून निघणारा खड्डा नाही.

माझा रसाला विरोध नाही, रसाला औषधाच्या जागी बसवण्याला आहे. गोळीला खरी साथ देतं ते लिंबू. अर्धं लिंबू पिळून केलेल्या पाण्याबरोबर गोळी घेतली तर लोह जास्त अंगी लागतं. चहाबरोबर घेतली तर उलट होतं, म्हणून चहा तास-दोन तास लांब ठेवा. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. शी काळी होण्यात काहीच वाईट नाही. आणि पेरूचा रस कशाला काढता? तसाच चावून खा. गाळून चोथा टाकला की रसात उरते ती मुख्यतः साखर, आणि एका ग्लासाला तीन-चार मोसंब्या जातात. घरात शुगरचं माणूस असेल त्यानं तर फळच खावं.

आता दुधी. शुगर उतरते, हृदय सुधारतं म्हणून सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस पिणारे आपल्यातही वाढलेत. 2018 साली पुण्यात चाळिशीतली एक धडधाकट बाई दुधीचा रस प्यायली, उलट्या-जुलाब सुरू झाले आणि काही दिवसांतच ती गेली. कडू दुधीत कुकुरबिटॅसिन नावाचं विष असतं, त्यावर उतारा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनं त्याच्या कितीतरी आधी सांगितलं होतं की आधी चव बघा, कडू लागला तर पिऊ नका, दुसऱ्या रसात मिसळूही नका. आपली अडचण अशी की आपल्याला अन्न टाकवत नाही. वीस रुपयांचा दुधी, मीठ-लिंबू घालून संपवू, असं वाटतं. उपाशी दिवस बघितलेल्या घरात हे वाटणारच, माझ्याही आईला वाटायचं. तरी सांगते, फोड जिभेच्या टोकाला लावा, कडू लागली तर थुंका आणि अख्खा दुधी फेकून द्या. भाजीही करू नका, शिजवून ते विष जात नाही. पिऊन झाल्यावर उलट्या सुरू झाल्या तर घरचे उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

पाण्याचंही बघा. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यात टँकरच्या पाण्यात धुतलेली फळं आणि बाजारचा बर्फ म्हणजे जुलाबाला आवतण. पाणी उकळून गार करा, रस केला की लगेच प्या.

त्या पोरीला दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन 8.4 निघालं. आठवड्याची निळी गोळी असते ती रक्त कमी होऊ नये म्हणून, झालेलंच असेल तर रोजचा डोस लागतो. तो डॉक्टरांनी लिहून दिला, जंताची गोळीही दिली. आई रोज रात्री लिंबू पिळून समोर बसते. मिक्सरचे हप्ते अजून पाच राहिलेत, त्यात सध्या कारळाची चटणी होते.