स्वभावाला खरंच औषध नाही?

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण आपल्याकडे नेमकी कधी वापरली जाते, बघा. कुणी वेळेवर येतो, उसने घेतलेले पैसे आठवणीने परत करतो, तेव्हा ती कुणालाच आठवत नाही. कुणी ताट आपटलं, फोन भिंतीवर फेकला, चारचौघांत मैत्रिणीवर ओरडला, की लगेच आठवते. म्हणजे ही म्हण स्वभावाचं वर्णन करायला येत नाही. ती माफीनामा लिहून द्यायला येते, तोही दुसऱ्याच्या वतीने.

माझ्या मते ही म्हण अर्धीच खरी आहे. उरलेल्या अर्ध्या भागामुळे आपल्या वयाच्या मुलामुलींचं, त्यातही मुलींचं, बरंच नुकसान होतं.

खरा अर्धा भाग आधी मान्य करू. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास कित्येक दशकं चालला आहे. ही मुलं अठरा वर्षांची असताना त्यांचे स्वभाव नोंदवले गेले. पुढे एकविसाव्या आणि सव्विसाव्या वर्षी त्यांच्या प्रेमसंबंधांविषयी विचारलं गेलं. रॉबिन्स, कॅस्पी आणि मॉफिट या संशोधकांनी २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. जी मुलं अठराव्या वर्षी चिडकी, संशयी, थोड्या ताणानेही बिथरणारी होती, त्यांच्या नात्यात पुढेही जास्त कुरबुरी दिसल्या, आणि जोडीदार बदलला तरी दिसल्या. 'चांगली मुलगी भेटली की सुधारेल' हे वाक्य सिनेमात ठीक आहे, पण त्याच्या भरवशावर कुणी आयुष्य बेतू नये.

मैत्रीचंही तसंच. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात जोसेफ अॅलन आणि सहकाऱ्यांनी १८४ मुलांना तेराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत पाहिलं. तेराव्या वर्षीच मोठं दिसायची घाई झालेली, म्हणजे दिखाऊ मित्र, छोट्यामोठ्या खोड्या, लवकर प्रेमप्रकरण असलेली मुलं आधी वर्गात भाव खाऊन गेली. नंतर तो भाव ओसरला आणि विशीत त्यांनाच नाती टिकवणं जड गेलं. याच गटाच्या पुढच्या एका अभ्यासात असं दिसलं, की पंधराव्या-सोळाव्या वर्षी ज्यांना एक जवळचा, मनातलं बोलता येईल असा मित्र होता, ती मुलं पंचविशीत जास्त स्वस्थ होती. नुसत्या लोकप्रिय मुलांचं तसं झालं नाही. तेव्हा दहावीत तुमचा एकच मित्र असेल आणि घरचे 'हा माणूसघाणा' म्हणत असतील, तर त्यांना हे वाचून दाखवा.

आता दुसरा अर्धा. ड्युनेडिनच्या त्याच मुलांमध्ये अठरा ते सव्विसाव्या वर्षांदरम्यान सरासरीने चिडकेपणा कमी झाला आणि स्वतःवरचा ताबा वाढला. आणि नातं वाईट असेल, तर त्यातल्या माणसाचा चिडकेपणा वाढतो असंही आढळलं. म्हणजे स्वभाव नात्याला घडवतो, तसंच नातंही स्वभावाला घडवतं. औषध असतं, आणि विषही.

यासाठी न्यूझीलंडपर्यंत जायचीही गरज नाही. बेळगावात मराठी माध्यमातून दहावी करून पीयूसीला इंग्रजी माध्यमात गेलेला कुणीही मुलगा किंवा मुलगी बघा. शाळेच्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणारी, मास्तरांशी हुज्जत घालणारी मुलगी जूनमध्ये शेवटच्या बाकावर बसते आणि महिनोन्‌महिने तोंड उघडत नाही. तिचा स्वभाव बदललेला नसतो, तिच्याजवळचे शब्द काढून घेतलेले असतात. पण नव्या वर्गाला हे कुठे माहीत? तो शिक्का मारून मोकळा होतो: 'शांत आहे', नाहीतर 'अॅटिट्यूड आहे'.

माझ्या एका मैत्रिणीचं असंच झालं. शाळेत जिला सगळे 'लाउडस्पीकर' म्हणायचे, ती पीयूसीत 'शांत मुलगी' झाली. एका मुलाला ती शांत म्हणूनच आवडली. आता तिचं इंग्रजी सुधारलंय, धीर आलाय, ती पुन्हा बोलायला लागलीय, तर तो म्हणतो, 'तू बदललीस.' तो तिचा फोन तपासतो, रागात वस्तू फोडतो. त्याचे शाळेतले मित्र तिची समजूत घालतात: 'अगं, तो आठवीपासून असाच आहे. मनाने सोनं आहे. तू शांत आहेस ना, तूच सांभाळून घेशील.'

या तीन वाक्यांत काय चाललंय बघा. त्याचा राग हा त्याचा स्वभाव, म्हणून त्याला माफी. तिची शांतता हा तिचा स्वभाव, म्हणून तिच्यावर जबाबदारी. आणि ती शांतता मुळात तिची नव्हतीच. त्या दोघांचं काय ते त्यांचं ते ठरवतील. मला बोलायचंय ते आपल्याविषयी, म्हणजे भोवती उभं राहून शिक्के वाटणाऱ्या मित्रमंडळींविषयी.

कुणी विचारेल, एकीकडे जुना स्वभाव बघा म्हणतेस, दुसरीकडे शिक्के नकोत म्हणतेस, हे जमायचं कसं? जमतं. शिक्का म्हणजे 'तो असाच आहे.' त्यावर पुढे बोलणंच संपतं. जुना स्वभाव बघायचा म्हणजे प्रश्न विचारायचे. सोळाव्या वर्षी जिवलग मित्राशी भांडण झालं तेव्हा आधी कोण बोललं? 'नाही' ऐकल्यावर तेव्हा काय केलंस आणि आता काय करतोस? मधल्या पाच वर्षांत काही बदललं का, आणि ते बदलायला तू स्वतः काय केलंस? जो 'माझा स्वभावच तापट' एवढंच सांगतो, त्याच्याकडे उत्तर नाही. जो म्हणतो 'राग आला की मी आता बाहेर जाऊन एक फेरी मारून येतो', त्याच्याकडे आहे.

आमच्या चर्चमध्ये लग्न ठरलेल्या जोडप्यांना विवाहतयारीच्या वर्गाला बसवतात. राग, पैसा, सासर, सगळ्यावर मोकळं बोलणं होतं. चांगलीच गोष्ट आहे, पण तोवर हॉल बुक झालेला असतो, पत्रिका छापायला गेलेल्या असतात. तिथे विचारले जाणारे प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात विचारायला हवेत, जिथे भांडणं ताजी असतात आणि स्वभाव अजून ओला असतो. कुठल्याही शाळेला मूल्यशिक्षणाच्या एका तासात हे सहज जमेल.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी 'ती ना, पहिल्यापासून रडकी' किंवा 'तो ना, पहिल्यापासून भडकू' असं लिहिलं, की एवढंच विचारायचं: 'तू तिला शेवटची कधी भेटलास?' बहुतेक वेळा उत्तर निघेल, दहावीच्या निरोप समारंभाला.