साखळी झिजली, सायकल नव्हे

जून महिना आला की मध्यमवर्गीय घरांत एक संवाद हमखास घडतो. चिरंजीवांच्या सायकलीची साखळी वारंवार उतरते आणि गिअरच्या नव्या सायकलीची मागणी पुढे येते. वडील एकतर नकार देतात किंवा थेट दुकान गाठतात. सायकल तपासण्याची तसदी मात्र कोणीच घेत नाही.

साखळीचा प्रत्येक सांधा अर्ध्या इंचाचा. म्हणजे २४ सांधे बरोबर १२ इंच. पट्टी लावल्यावर ही लांबी १/१६ इंचाने वाढलेली दिसली, तर केवळ साखळी बदलावी. १/८ इंचापर्यंत दुर्लक्ष केले, तर बहुधा फ्रीव्हीलचे दातेही झिजतात व त्यांवरून नवी साखळी उसळते. मग दोन्ही बदलावे लागतात.

टायर, ब्रेकचे रबर, छर्रे हे बदलण्यासाठीच घडविलेले भाग होत. २०२० साली अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला, तरी त्या सायकली धावतात. कारण साध्या सायकलींना इतर बनावटींचे भागही चालतात. मात्र जुन्या सांगाड्यावर गिअर चढविण्याचा मोह टाळावा. मागच्या चाकाची जागा त्यासाठी अरुंद पडते. सांगाड्याला तडा गेला असेल किंवा मुलाची उंची वाढली असेल, तर नवी सायकल घेण्यातच शहाणपण आहे.

तेव्हा नाक्यावरच्या मिस्त्रीकडे जाताना मुलालाही न्यावे आणि पट्टी त्याच्याच हाती द्यावी. वस्तू कधी जपावी व कधी सोडावी, हे मोजून ठरविण्याची सवय लागणे, हाच खरा संस्कार होय.