दीड गुंठ्याची अडचण

परवा मार्केट यार्डाच्या दारात ओळखीचे एक शेतकरी भेटले. लिलाव आटोपून निघाले होते. एका खिशात हिशोबपट्टी, हातातल्या पिशवीत खरेदीखत, उतारा, मोजणीचा नकाशा. दीड गुंठ्याचा प्लॉट घेऊन ठेवलेला, त्यावर दोन खोल्या काढायच्या. म्हणाले, "भाऊ, छोट्या घराला आता परवानगी लागत नाही ना? मागं पेपरात आलं होतं."

आलं होतं, आणि ते खरंही आहे. डिसेंबर 2020 मध्ये राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली मंजूर झाली. पाठोपाठ 2021 च्या सुरुवातीला तेव्हाचे ग्रामविकास मंत्री हसन मुश्रीफ यांनी खेड्यांसाठी तिचा अर्थ सोपा करून सांगितला. भूखंड 1600 चौरस फुटांपर्यंत असेल तर मालकीचे कागद, नकाशे आणि ते नियमात बसत असल्याचं इंजिनिअरचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत द्यायचं, विकास शुल्क भरायचं आणि पाया खोदायला लागायचं. 1600 ते 3200 फुटांपर्यंत शुल्काचा आकडा ग्रामपंचायत दहा दिवसांत कळवणार आणि परवाना तीच देणार. त्यापुढे नगररचनाकार. चांगला निर्णय होता, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. (लोक इथं एक घोळ घालतात: मोजायचा तो भूखंड, खोल्या नव्हेत.)

आता गुंठा घ्या. आपल्याकडची जमीन मोजली गेली ती 33 फुटी शंकू साखळीनं. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. दीड गुंठा होतो 1633. सवलत 1600 ला संपते. वरचे 33 फूट म्हणजे एक न्हाणी. तीन गुंठे घेणाऱ्याची गत तीच: 3267 फूट, म्हणजे 67 फुटांसाठी नगररचनाकाराचं दार. मूळ नियमावलीतले 150 आणि 300 चौरस मीटर धरले तरी सुटका नाही, कारण दीड गुंठा भरतो पावणेदोन मीटर जास्त आणि तीन गुंठे साडेतीन मीटर. मुंबईत बसून गोल आकडा काढला, पण गावात जमीन गोल आकड्यात विकत नाहीत, गुंठ्यात विकतात.

त्या शेतकऱ्यांच्या इंजिनिअरनं मोबाईलवर हिशेब केला आणि तोडगाही तिथंच सांगितला: "रस्त्याकडची पट्टी सोडून दाखवू, 1590 बसवतो." मला राग आला तो इथं. खरेदीखतात 1633, नकाशात 1590. उद्या कर्ज काढताना, परवा भावाभावांत वाटणी होताना हाच फरक कुणीतरी बोट ठेवून दाखवणार. कुठंतरी रेष ओढायची असते हे मान्य, पण दीड आणि तीन गुंठ्यांवर ओढली असती तर काय बिघडलं असतं? अजूनही एका शुद्धिपत्रकाचं काम आहे.

आणि समजा, बसलं सवलतीत. मग बँक विचारते, परवानगी कुठंय? जे लागतच नाही ते आणायचं कुठून! इंग्लंडमध्ये 6 एप्रिल 2008 पासून बांधकाम परवानगीचा अर्ज सगळीकडे एकाच नमुन्यात होतो. ते आपणही केलं, नगरपालिकांत नकाशे ऑनलाइन चढू लागले. पण तिथली दुसरी सोय मला जास्त मोलाची वाटते. तुमच्या कामाला परवानगी लागतच नसेल, तर लागत नाही असा रीतसर दाखला अर्ज करून, फी भरून मिळतो. घर विकताना तो समोर ठेवता येतो.

आपल्या ग्रामपंचायतीनं विकास शुल्काच्या पावतीवर भूखंडाचा नंबर, क्षेत्र आणि 'या बांधकामास स्वतंत्र परवानगी आवश्यक नाही' एवढी ओळ छापली तरी पुष्कळ झालं. यार्डात कांद्याची एक ट्रॉली विकली तरी वजन, भाव, कपात, हातात पडलेली रक्कम सगळं पट्टीवर उतरतं, आणि पट्टी घेतल्याशिवाय कुणी ट्रॅक्टर हलवत नाही. घरासाठी शुल्क भरणारा मात्र नुसत्या रकमेची पावती घेऊन निघतो.

त्या शेतकऱ्यांना मी 1633 च लिहा म्हणालो. त्यांनी पिशवीची गाठ मारली आणि विचारलं, "मग ग्रामपंचायतीत कधी जायचं?"